वरून पाहिलेलं घर

"बोरतळचा बिरादारांचा आखाडा तुमच्यापैकी कुणी पाहिलाय का?" साहेबांनी विचारलं, आणि टेबलावरचा ट्रेसिंगचा कागद सरळ करता करता मी म्हणालो, "मी पाहिलाय. वरून." कचेरीत हशा पिकला. त्या उन्हाळ्यात दुष्काळ बघायला पुढारी हेलिकॉप्टरनं येत होते, त्यामुळं वरून पाहणं म्हणजे काय ते लातुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. "सोनकांबळेंची हवाई पाहणी झाली म्हणजे," मागून कुणीतरी म्हणालं. साहेब हसले, मग मीही हसलो. हसता हसता माझ्या तळव्यांना गरम माती लागली. पायांत बूट होते, बुटांखाली शहाबादी फरशी होती, आणि तरीही वैशाखातली पांढरी माती मला लागली, तिच्यातल्या खापरांच्या बारीक तुकड्यांसकट. मी पाय टेबलाखाली आखडून घेतले. मी एकेचाळीस वर्षांचा ड्राफ्ट्समन आहे, असल्या गोष्टी मला होत नाहीत. पण त्या दिवशी झाली, आणि मी खोटं बोललो नव्हतो. ते घर मी खरंच वरूनच पाहिलं होतं.

प्रकरण म्हटलं तर साधं होतं. उदगीरहून देगलूरकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत बोरतळ हे गाव आहे. तिथं रोजगार हमीतून पाझर तलाव घ्यायचं ठरलं होतं, आणि तलावाच्या पोटात शेषेराव बिरादारांचं शेतातलं घर येत होतं. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात, कुस्तीशी त्याचा संबंध नाही. शेषेरावांनी अर्ज केला होता की घर दोनशे वर्षांचं आहे, ऐतिहासिक आहे. ते पाडून त्याचे दगड बांधाला लावण्यापेक्षा बांधच दोनशे पावलं वरच्या अंगाला सरकवावा. वरच्या कचेरीनं अर्ज आमच्याकडं ढकलला : सदर वास्तूस वारसामूल्य आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा. जिल्ह्याला तेव्हा चार वर्षंही पुरी झाली नव्हती. आमच्या निम्म्या रजिस्टरांवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलेलं होतं, आणि कचेरी एका डाळमिलवाल्याच्या भाड्याच्या माडीवर होती, त्यामुळं नकाशांवर बारीक पिवळी भुकटी बसायची. नव्या जिल्ह्याला जुन्या वस्तूंची भारी हौस असते, असं माझं निरीक्षण आहे. साहेबांना तर वारसामूल्य हा शब्दच आवडला होता. दोन दिवसांत ते तो चहावाल्याशी बोलतानाही वापरायला लागले.

त्या घराच्या छतावर मी सहा-सात उन्हाळे चाललो. छत म्हणजे माळवद : माणसाच्या मिठीत मावणार नाहीत अशा सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर तरवडाचा पाला आणि पाल्यावर हातभर माती. ही माती कुठलीही चालत नाही. ती गावाच्या जुन्या पांढरीतली लागते, जिथं शेकडो वर्षं माणसं राहून, चुली पेटवून, मरून गेली तिथली. ती पाणी पीत नाही, वरच्यावर वाहू देते. दर वैशाखात वरचा थर खरवडायचा, नवी पांढरी टाकायची, तण उगवू नये म्हणून मीठ पेरायचं, पाणी शिंपडून चोपायचं, आणि सगळा उतार पन्हाळाकडं ठेवायचा. बोरतळात हे काम आमच्या घराकडं होतं. माझा बा ग्यानोबा टोपल्या वर न्यायचा, पण छतावर शब्द चालायचा तो मायचा. चोपून झालं की धुरपता, म्हणजे माझी माय, अनवाणी एक फेरी मारायची, टाच आपटत, मान थोडी कलती करून. मधेच थांबायची. "हितं पोकळ वाजतंय," म्हणायची. बा मुकाट्यानं तिथं पुन्हा माती टाकायचा. मला ठाक ठाक असा एकच आवाज ऐकू यायचा, पण मीही तिच्यासारखी मान कलती करायचो.

वर जायची दगडी पायठणी घराच्या पाठीमागं होती. पुढच्या दाराशी आमचा संबंध नव्हता. दिवसभर आम्ही बिरादारांच्या डोक्यावर चालायचो, आणि त्यांच्या उंबऱ्याच्या आत आमचं पाऊल पडलं असतं तर घर बाटलं असतं. तेव्हा मला यात काही वावगं वाटत नव्हतं. आता वाटतं, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा गंमतच जास्त वाटते. रागाच्या बाबतीत मी वयाबरोबर आळशी होत गेलो. धूर जायला माळवदात तीन भोकं ठेवलेली होती, आमच्याकडं त्यांना सवणं म्हणतात. काम सुटलं की मी सवण्याशी पालथा पडून आत बघायचो. आतलं घर म्हणजे माझ्या लेखी तीन गोल होते : एकात चूल, एकात रिकामी जमीन, एकात बाजेचा कोपरा. एकदा चुलीच्या गोलात शेषेरावांची नवी नवरी आली, केवळाबाई. तिनं इकडंतिकडं बघितलं, डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकला आणि मान वर केली. आमची नजरानजर झाली. ती ओरडेल असं मला वाटलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं, मग मीही ठेवलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली. आमच्या गल्लीतले चार जण जाऊन आले आणि त्यांनी येताना वेगळंच बोलणं आणलं. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, पाटलाच्या दारी वेसकरकी करायची नाही. त्या यादीत माळवद नव्हतं, ते बानं घातलं. "ज्या घरात पाय ठिवता येत न्हाई, त्याच्या डोक्यावर बी माती टाकायची न्हाई," तो म्हणाला. त्याच्या उभ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं. पुढच्या वैशाखात आम्ही गेलो नाही. मग आम्हाला पिठाची गिरण बंद झाली, दुकान बंद झालं, विहिरीवरचा दोर गेला. पंधरा दिवसांनी आम्ही बोचकी उचलून लातूरला आलो, बा डाळमिलमध्ये हमाल झाला, आणि मी शाळेत रेघा सरळ मारायला शिकलो. ही कथा मी बऱ्याच व्यासपीठांवरून ऐकली आहे, माणसं वेगळी असतात एवढंच. तिच्यात मी स्वतःला कधी फारसं घुसवलं नाही. मला आठवायचे ते तीन गोल.

पुढच्या आठवड्यात साहेब आणि मी जीपनं बोरतळला गेलो. उदगीर सोडल्यावर रस्त्याकडेनं टँकरच टँकर होते, आणि माळावर बायका खडी फोडत बसल्या होत्या, डोक्यावर ओली फडकी. सलग तिसरं साल पावसाविना गेलं होतं. आखाडा लांबूनच दिसला. काळ्या दगडाचा, अंगानं थोराड, आणि मला आठवत होता त्याहून बुटका. शेषेराव दारात उभे होते. पन्नाशी उलटलेली, स्वच्छ धोतर, डोक्याला रुमाल. "या साहेब," ते साहेबांना म्हणाले, आणि मग माझ्याकडं वळून, "या, सोनकांबळे साहेब." साहेब पुढं जाऊन खांबांचे फोटो काढायला लागले, तेव्हा त्यांनी आवाज उतरवला. "ग्यानबाचा निवरती ना?"

"हाव."

"माय हाय का?"

"हाय."

"बरं हाय," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटल्यासारखं दिसलं.

मी उंबरा ओलांडला. काहीच झालं नाही. बाहेर अंग भाजत होतं आणि आत गार होतं, विहिरीच्या तळाशी असतं तसं. दोन हात रुंदीच्या भिंती, कोरीव सागवानी खांब, आणि भिंतीच्या पोटात धान्याचं बळद, ज्याला दार नसतं, वरून माणूस आत उतरतो. सहा हजार दिवस मी कागदावर घरं काढत आलो, पण असं घर काढलं नव्हतं. मोजमाप घेताना माझा हात खांबांवर नको इतका रेंगाळत होता. मला ते घर आवडलं. आवडलं याचा रागही आला, आणि तो रागही आवडला. "रझाकारीत गावच्या बायका या बळदात लपल्या व्हत्या," शेषेराव साहेबांना सांगत होते, "चार दिवस. आबांनी वरून भाकरी सोडल्या." साहेबांनी लिहून घेतलं. गावच्या म्हणजे सगळ्या का, असं मी विचारलं नाही. माझी माय तेव्हा मला कडेला मारून तीन रात्री तुरीत बसली होती, हे मला माहीत होतं. छताला आतून पांढरं कापड ताणलेलं होतं, लग्नाच्या मांडवाला असतं तसं. त्याखाली शेषेरावांची बाज होती आणि खांबाला नातीची झोळी. केवळाबाईंनी चहा आणला. माझी कपबशी साहेबांच्या कपबशीसारखीच होती, हे मी पाहिलं, आणि आपण हे अजून पाहतो याची मला लाज वाटली.

"छताचं काम कोण बघतं?" साहेबांनी विचारलं.

शेषेरावांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. "आदी गावचे लोक करायचे. सत्तावन सालापासून आमचे गडी करतात. त्या साली आबांनी हिरीवरच्या वावरातली काळी आणून टाकली. पयल्या नंबरची जिमीन, खरवडून आनली बगा. पांढरीला हात लावला न्हाई. गळलं की अजून काळी टाकाया लावतो."

कप माझ्या ओठाशी होता, तो मी खाली ठेवला. "वर बघून येतो," म्हणालो. साहेबांना चढउतार मानवत नव्हती, त्यामुळं मी एकटाच पाठीमागून चढलो. तीस वर्षांनी वर आलो आणि पाय ओळखेनात. पांढरीचं ते गुळगुळीत, बशीसारखं उतरतं अंगण कुठंच नव्हतं. काळं वावर होतं, भेगाळलेलं, जागोजाग वाळकं गवत. मी बसलो आणि एका भेगेत हात घातला. तो कोपरापर्यंत गेला. मग भिंतीलगतच्या सवण्याच्या कडेशी पालथा झालो. तिथं थर उघडे पडले होते : तळाला विटकर-पांढऱ्या बारीक रेघा, आमच्या रेघा, आणि त्यांच्यावर दीड हात काळी. सवण्यातून हात घालून, तुळई जिथं भिंतीत शिरते तिथं मी खिशातली पेन्सिल टेकवली. जोर लावला नव्हता. सागवानात पेन्सिल निम्मी आत गेली.

यात कळायला अवघड काहीच नव्हतं. काळी पाणी पिते, फुगते, जड होते. उन्हाळ्यात ती फाटते, आणि पुढच्या पावसाला फटीतून पाणी थेट लाकडावर जातं. गळलं की वर आणखी काळी, म्हणजे आणखी वजन. तीन सालं पाऊस नव्हता म्हणून माती कोरडी ठणठणीत होती, हलकी होती. सगळा तालुका आभाळाकडं डोळे लावून बसला होता, आणि हे घर तेवढं दुष्काळानं उभं धरलं होतं. एक चांगला पाऊस, दोन दिवस लागून राहणारा, आणि ही सगळी पहिल्या नंबरची जमीन खालच्या बाजेवर आणि झोळीवर येणार होती. मला थोरल्या बिरादारांचं, म्हणजे शेषेरावांच्या आबांचं, नवल वाटलं. पांढरी म्हणजे उकिरड्याकडची, महारवाड्याच्या कडेची माती. ती स्वतः उचलायची तर तिथवर जावं लागलं असतं. काळी म्हणजे आई, अब्रू, सातबारा. चिडलेल्या माणसानं घरातली सगळ्यात चांगली वस्तू काढून डोक्यावर ठेवली होती. शेतकऱ्याशिवाय ही चूक कुणाच्या हातून झाली नसती.

मी खाली उतरलो. शेषेराव साहेबांना मळ्यातली लिंबं बांधून देत होते. "वर कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

जीपमध्ये साहेब वारसामूल्यावर बोलत राहिले आणि मी हो हो करत राहिलो. त्यांनी ठरवून टाकलं होतं : अभिप्राय अनुकूल द्यायचा, मसुदा मी करायचा, सोमवारी सही. लिंबं मांडीवर होती, त्यांचा वास येत होता. ठीक आहे हे दोन शब्द मी का बोललो याचा मी शांतपणे विचार केला, एखाद्या परक्या माणसाच्या फायलीवर करावा तसा. गडबडीत बोललो म्हणावं तर गडबड नव्हती. नोकरीची भीती म्हणावी तर खरं सांगितलं असतं तर साहेब रागावले नसते. मग उरत होतं ते एकच. ते घर पडायला मला हवं होतं. ते मला आवडलं होतं आणि ते पडायलाही हवं होतं, त्यातल्या माणसांसकट की माणसांवाचून, एवढं मी तेव्हा ठरवलं नव्हतं. हे लिहायला आज सोपं जातं. त्या दिवशी मी खिडकीतून टँकर मोजत होतो.

मसुदा झाला नाही. गुरुवारी मी खांबांचं वर्णन लिहिलं, शुक्रवारी बळदाचं. छताच्या रकान्याशी आलो की पेन्सिलीला टोक काढायला उठायचो. शनिवारी दुपारी दक्षिणेकडं ढगांची एक काळी पट्टी दिसली, कचेरीतली माणसं खिडकीशी गोळा झाली, कुणीतरी हात जोडले. पट्टी तासाभरात विरून गेली आणि सगळे चुकचुकत जागेवर गेले. सबंध लातुरात तेव्हा सुटलो असं वाटलेला बहुधा मी एकटाच असेन. घरी गेलो तर तारामती, माझी बायको, म्हणाली की माणसानं आजारी असलं तर आजारी आहे म्हणावं, घागरीला लाथा मारू नयेत. मी लाथ मारली होती, हे मला तिनं सांगितल्यावर कळलं.

मायला मी बोरतळला गेल्याचं सांगितलंच नव्हतं. तिला त्या गावाबद्दल एकच गोष्ट विचारायची सवय होती. तिकडचं कुणीही भेटलं, लग्नात, दवाखान्यात, बसस्टँडवर, की ती ख्यालीखुशालीच्या आधी विचारायची, "बिरादाराचं घर हाय का उबं?" आहे म्हटलं की पुढं काही नाही. जीव लावलेल्या जागेची आठवण येते तिला, असं आम्ही समजून चाललो होतो. तारामती तर त्यावरून तिला चिडवायची, की मामी, तुमचं सासर बोरतळ का माहेर. माय हसायची नाही.

रविवारी सकाळी टँकर यायचा होता. गल्लीच्या तोंडाशी घागरींची रांग लागली होती, आणि आमच्या दोन घागरींपाशी माय दगडावर बसली होती, डोक्यावर पदर, हातात रिकामी बादली. मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. कापड, काळी, भेग, पेन्सिल. ठीक आहे म्हणालो, हेही सांगितलं. ती कुठल्या तरी वेगळ्याच बाजूला बघत होती.

"किती गेली पेनसल?"

"निम्मी."

तिनं बादली खाली ठेवली. "आपुन गाव सोडलं त्या दिशी म्या गाड्या बगितल्या," ती म्हणाली. "तुज्या ध्यानात नसंल. वढ्यापाशी. सात गाड्या काळी चालली व्हती आखाड्याकडं. थोरले बिरादार सोता म्होरल्या गाडीवर बसले व्हते. म्या थांबले. तुजा बा म्हनला, चल. म्या म्हनलं, अवो, ते काळी टाकून राहिले. तो म्हनला, टाकू दे."

"मग?"

"मंग काय. आले तुमच्यामागं." तिनं बादलीची कडी खाली पाडली. "एक शबूद लागला असता, निवरती. मालक, काळी नका टाकू. धा पावलावर व्हते ते. म्या मनात म्हनलं, टाका. डोईवर घ्या तुमची काळी. बसू दे उरावर."

टँकर आला. बायका उठल्या, घागरी एकमेकींवर आपटल्या, माय उठली नाही. आमचा नंबर मागच्या बाईनं घेतला. मी तीस पावसाळे आठवून पाहिले, पत्र्यावर थेंब वाजायला लागले की तिचं उठून बसणं, उदगीरकडं पाऊस आहे का हे रेडिओवर ऐकायचा तिचा हट्ट. जे आम्ही माया समजत होतो ते हे होतं. मला तिची भीती वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्याबद्दल इतकं भरून आलं की मी उगाच घागरीचं तोंड पुसत बसलो. तिला मी काय म्हणणार होतो. माझे शब्द अजून आठवड्याचेही झाले नव्हते.

"लेकरं हायत का तितं?" तिनं विचारलं.

"नात हाय. झोळीत आसती."

"मला घिऊन चल," माय म्हणाली. "आत्ता."

अकराच्या उदगीर गाडीनं आम्ही गेलो, पुढं जीपवाल्यानं फाट्याला सोडलं, तिथून चालत. ती माझ्यापुढं चालत होती. पासष्टीची बाई, गुडघे गेलेले, रस्त्याला सावली म्हणून नाही. आखाडा दिसला तशी ती थांबली, पण बघितलं फक्त छपराकडं. मग पाठीमागच्या वाटेला वळेल असं मला वाटलं. ती सरळ पुढच्या दाराकडं गेली आणि उंबऱ्यासमोर उभी राहिली. आत शेषेराव बाजेवर बसले होते. केवळाबाई झोळी हलवत होत्या. त्यांनी डोळे बारीक केले. "धुरपताबाई?" त्या म्हणाल्या. "या. आत या."

"येते," माय म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. मान मागं टाकून, पांढऱ्या कापडावरून भिंतीपासून भिंतीपर्यंत. हे छत तिनं खालून कधी पाहिलं नव्हतं. शेषेराव उठायचं की बसून राहायचं या घोटाळ्यात अर्धवट उठले होते. "कापड कवा बांधलं?" तिनं विचारलं.

"थोरलीच्या लग्नात," केवळाबाई म्हणाल्या. "माती गळाया लागली व्हती. पावन्यांच्या ताटात पडती म्हनून."

"लेकराला भाईर न्या, केवळाबाई. आन् आजपस्नं हितं कुनी झोपू नका." मग ती शेषेरावांकडं वळली. आयुष्यभर तिनं त्या घरातल्या पुरुषांना मालक म्हटलं होतं. "शेषेराव, तुळया कुजल्यात. पानी पडलं की हे समदं खाली येनार. काळीनं कुजल्यात. तुमचे वडील काळी आनत व्हते तवा म्या वढ्यापाशी उबी व्हते. मला ठावं व्हतं. म्या सांगितलं न्हाई."

शेषेराव माझ्याकडं बघायला लागले. "सोनकांबळे साहेब त्या दिशी म्हनले की, ठीक हाय म्हनून."

"मीही सांगितलं नाही," मी म्हणालो.

झोळी हलायची थांबली. केवळाबाईंनी पोर उचलली, छातीशी धरली, मायच्या तोंडाकडं क्षणभर बघितलं आणि काही न विचारता बाहेर कडुलिंबाखाली निघून गेल्या. शेषेराव हळूच बाजेवर टेकले. "तीस साल झाले की ओ, बाई," ते म्हणाले. "तीस साल काय केलं मंग?"

"वाट बगितली."

"कशाची?"

"पडायची," माय म्हणाली.

त्यांनी मान हलवली, जशी व्यवहार पटल्यावर हलवतात. रागावले नाहीत. "मंग पडू द्या," ते म्हणाले. "सरकार तळ्यात घालनार, तुमी उरावर घालनार. आबा हितंच गेले, या बाजंवर. मला बी कुटं जायचंय?" आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ते बसूनच राहिले. मी काहीतरी बोलायला गेलो, अभिप्रायाबद्दल, कायद्याबद्दल. मायनं मला हातानं गप्प केलं. ती बाजेसमोर, खाली जमिनीवर, बरोबर मधल्या तुळईखाली बसली. गुडघे दुखत असल्यामुळं बसायला तिला वेळ लागला.

"तुमी कामून बसून राहिलात?" शेषेराव म्हणाले. "भाईर व्हा."

"तुमी उटलात की उटते."

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. घड्याळ होतं, तरी नाही मोजलं. शेषेराव एकदा कापडाकडं बघत, एकदा तिच्याकडं. मग त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि उठले. तिला उठायला त्रास होत होता. त्यांनी हात पुढं केला, मग तो मधेच थांबला, आणि मग थांबायचा थांबला. ती त्यांच्या मनगटाला धरून उठली.

बाहेर लिंबाखाली ते मला म्हणाले, "मंग काय लिवनार?"

"घराला किंमत आहे, असं लिहिणार. आणि छत उतरवल्याशिवाय त्यात कुणी राहू नये, हेही. काळी सगळी काढावी लागेल. तुळया बदलायच्या, मग पांढरी. तसं झालं तरच वाचेल, आणि तसं झालं तर मी बांध सरकवायला सांगेन."

"काळी कोन काढनार? तुमची मानसं येतील?"

"न्हाई येनार," माय म्हणाली. "तुमी काढायची. पांढरी कशी टाकायची ते म्या सांगते. हितं बसून सांगते."

शेषेरावांनी घराकडं बघितलं. पन्नास वर्षं ते त्या छताखाली जगले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते वर एकदाही गेले नव्हते. मालकाला वर जायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी जोडे काढले, धोतर खोचलं. "वर कुटून जातात?" त्यांनी मला विचारलं. मी घराच्या पाठीमागं नेलं. ते पायरीपायरीनं चढले, भिंतीला हात लावत, आणि वर पोचल्यावर नुसतेच उभे राहिले, आपल्याच घरावर, कुठं पाय टाकावा ते न कळून. माय माझ्यामागून लंगडत आली होती. डोळ्यांवर हात धरून ती वर बघत होती.

"भिंतीच्या कडंकडंनं चाला," ती म्हणाली. "मदी जाऊ नका."